उन्हाळा मोजून बी पेरावे



कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही आपली थोडी निराशा करणार आहोत. आजचा विषय टोमॅटोचा आहे. आणि तोही आपल्या नारायणगावच्या बाजारातल्या टोमॅटोचा नव्हे, तर इंग्लंडच्या उत्तरेस, न्यूकॅसल शहरी, घरामागच्या चार हात जमिनीत पिकवावयाच्या टोमॅटोचा. शेतकी विद्यालयाची पायरी आम्ही कधी चढलो नाही. परंतु आमची लेक तिकडे राहते. तिच्याकडे आम्ही उभयतांनी दोन उन्हाळे काढले; आणि पहिल्या उन्हाळ्यात आमची अशी फजिती झाली की, तिची कारणे शोधल्यावाचून स्वस्थ बसवेना. ज्यांची मुले थंड मुलखात संसार करीत आहेत असे आईबाप या सभेत पुष्कळ असतील. त्यांच्या कामी ही फजिती यावी, एवढाच हेतू.

पहिल्या वर्षी एप्रिलच्या मध्यास आम्ही दुकानात गेलो आणि ज्या पाकिटावरचे चित्र सर्वांत मोठे व तांबडे, ते पाकीट उचलले. बी खिडकीत पेरले. रोपे उगवली, पण दोऱ्यासारखी लांब आणि फिकी. जूनअखेर ती परसात लावली. झाडे माणसाच्या उंचीची झाली, फुले आली आणि गळाली. ऑगस्ट संपता संपता काही फळे धरली. ती सप्टेंबरात हिरवीच राहिली. शेवटी सौभाग्यवतींनी त्यांची तीळ घालून चटणी केली. चटणी उत्तम झाली, हे कबूल केले पाहिजे. पण चटणीसाठी काही सहा महिने राबावयाचे नसते.

चुकलो कोठे? टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. गोठवणारी एक रात्र त्याला पुरते मारते. न्यूकॅसलला असा कडाका मेच्या मध्यापर्यंत, कधी त्याही पुढे पडतो. शिवाय नुसते न मरणे म्हणजे फळणे नव्हे. रात्रीचे तापमान १३ अंशांखाली गेले की परागकण आपले काम नीट करीत नाहीत आणि फूल गळते. तेथे भर जुलैतही रात्री ११ ते १३ अंशांच्या घरात असतात, आणि दुपारी २० अंश झाले की लोक कोट काढून ठेवतात. जूनमध्ये दिवस १७ तासांचा असतो खरा; पण उजेड पुष्कळ आणि ऊब थोडी, असा तो उन्हाळा आहे.

म्हणून वाण निवडताना चित्र पाहू नये, दिवस पाहावे. पाकिटावर ५५, ७० किंवा ८५ असे आकडे असतात. पुष्कळ पाकिटांवर, विशेषतः अमेरिकी बियाण्यांच्या, ते दिवस बी पेरल्यापासून नव्हे, तर रोप जमिनीत लावल्यापासून मोजलेले असतात. त्यांच्याआधी रोपवाटिकेचे सहा ते आठ आठवडे धरावे लागतात. तेही दिवस उबदार हवेतले. थंडीत ते आणखी लांबतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलेले ८५ दिवसांचे झाड कागदावर ऑगस्टअखेर पिकते, प्रत्यक्षात पिकतच नाही. ५५ दिवसांचे झाड ऑगस्टच्या मध्याला तरी ताटात फळ वाढते. ब्रँडीवाईनसारखी मोठ्या फळांची नामांकित वाणे चवीला थोर. पण त्यांना लांब उन्हाळा लागतो. थंड मुलखासाठी चेक देशातले स्तुपिट्से हे लहान फळांचे लवकर येणारे वाण आहे. कॅनडात सब-आर्क्टिक या नावाची वाणे याच कामासाठी तयार झाली. अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या विद्यापीठाने ऑरेगन स्प्रिंग हे वाण काढले. त्याला परागीकरण नीट झाले नाही तरी फळ धरते. एल्सा क्रेग आणि मनीमेकर ही जुनी ब्रिटिश वाणे मात्र उत्तरेत काचघराच्या आधारानेच खुलतात.

आता बियाण्याचे. दुसऱ्या वर्षी आम्ही मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पेरणी केली. चाळलेल्या स्वच्छ मातीत अर्ध्या ते एक सेंटिमीटर खोल बी टाकावे आणि २० ते २४ अंशांची ऊब द्यावी. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतो. अंकुराला उजेड लागतो, ऊब कमी चालते. येथेच आम्ही पहिल्या वर्षी फसलो होतो. उबदार स्वयंपाकघर आणि ढगाळ खिडकी असली की रोप उजेडाच्या शोधात ताणत जाते. म्हणून उगवताच त्याला १६ ते १८ अंशांच्या खोलीत न्यावे. वर वीतभर अंतरावर साधी पांढरी नळी किंवा एलईडी दिवा १४ ते १६ तास ठेवावा. दिवा नसेल तर मागे पांढरा पुठ्ठा उभा करून कुंडी रोज फिरवावी. पाणी बेताने घालावे. सततच्या ओलीने रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. खरी पाने फुटली की रोप वेगळ्या कुंडीत लावावे. धरताना पानाला धरावे, देठाला नव्हे. पान गेले तर दुसरे येते, देठ चिरडला तर रोप गेले. लावताना ते पहिल्या पानांपर्यंत मातीत पुरावे, कारण पुरलेल्या देठालाही मुळ्या फुटतात. शेवटी आठ-दहा दिवस रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवून त्याला वाऱ्याची सवय करावी आणि मग दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीशी लावावे. भिंत दिवसाची ऊब रात्री परत करते. उंच वाढणाऱ्या वाणाचे बगलेतले फुटवे काढावे आणि चार घोस धरले की शेंडा खुडावा.

हे सारे आम्हांला ज्यांनी शिकविले ते एक वृद्ध गृहस्थ. जन्मभर जहाजाच्या गोदीत फिटर होते. पुढे गोदी बंद पडली. नगरपालिकेकडून भाड्याने मिळालेला जमिनीचा तुकडा त्यांच्याकडे होता. तिकडे त्याला अलॉटमेंट म्हणतात. १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा मतदारांनी मिळून मागणी केली तर नगरपालिकेला तिचा विचार करावाच लागतो, आणि गरज दिसली तर जमीन पुरवावी लागते. ठरीव तुकडा सुमारे २५० चौरस मीटरांचा. एकट्याने नव्हे, सहांनी मागावयाचे, हे ऐकून आम्हांला फार बरे वाटले. त्यांनी कित्येक वर्षे स्वतः राखलेले स्तुपिट्सेचे बी आम्हांला दिले. निम्मे त्यांनी पेरले होते. उरलेले सारे आमच्या हातावर ठेवले.

त्या वर्षी जुलैअखेर पावसाची झड लागली आणि करपा आला. १८४५ पासून आयर्लंडात बटाटा नासवून ज्याने दुष्काळ पाडला, तोच हा रोग. टोमॅटोलाही तो सोडीत नाही. शेजारच्या तुकड्यात कोणी गेल्या वर्षीचे बटाटे जमिनीत विसरला होता. त्यांतून उगवलेल्या रोगट झाडांवरून करपा वाऱ्याबरोबर पसरला, आणि आठ दिवसांत वृद्धांची सारी ओळ काळी पडली. एकाच्या आळसाने साऱ्या वाडीचे नुकसान झाले. ते काही बोलले नाहीत. झाडे उपटीत राहिले.

आमची झाडे मैलभर दूर, भिंतीच्या आडोशाला, छपराच्या पन्हाळीखाली कोरडी राहिली होती. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला घोस पिकला. त्यातली चांगली फळे आम्ही खाल्ली नाहीत. गर काढून पाण्यात तीन दिवस आंबविला, बी धुतले, सावलीत वाळविले. टोमॅटोचे फूल बहुधा आपल्याच परागावर फळते, म्हणून सरळ वाणाचे बी मूळ गुण राखते. संकरित वाणाचे तसे राखीत नाही. सप्टेंबरात निघण्यापूर्वी ती पुडी घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती उघडली, बोटाने बी पसरून पाहिले, आणि निम्मे मोजून आमच्या लेकीला परत दिले. पुढच्या वर्षीही ते दोन ठिकाणी असावे, एवढेच म्हणाले.

तात्पर्य आपल्या ध्यानात आलेच असेल. आपला उन्हाळा किती दिवसांचा ते आधी मोजावे, त्यात मावेल तेच वाण घ्यावे, आणि बी आले की त्यातले निम्मे शेजाऱ्याला द्यावे.