धाडसाला थारा देणारी शाळा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘धाडस’ आणि ‘नावीन्य’ हे शब्द शाळांच्या फलकांवर शोभून दिसतात. परंतु एखादा विद्यार्थी किंवा शिक्षक खरोखरच धाडस करतो, तेव्हा शाळा त्याच्याशी कशी वागते, यावरच त्या शब्दांचे मोल ठरते. या कसोटीच्या विचारासाठी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्राइतके जवळचे दुसरे उदाहरण नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. कोल्हापुरात शिकताना ते जैन वसतिगृहात राहात असत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर भोजनापूर्वी स्नान करण्याची सक्ती त्यांनी मानली नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. ज्यांच्या नावाचा समाजाला आज सार्थ अभिमान वाटतो, त्यांचे कोवळ्या वयातील धाडस समाजाच्याच वसतिगृहाला पेलले नाही. हा प्रसंग दोष देण्यासाठी नव्हे, तर बोध घेण्यासाठी आठवावयाचा. नियमाच्या दृष्टीने तो एक अवज्ञा करणारा मुलगा होता. त्या अवज्ञेमागील करुणा मात्र नियमाला दिसली नाही.

तोच मुलगा पुढे महाराष्ट्राच्या शिक्षणाला नवी वाट दाखविणारा ठरला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. खेड्यांत शिक्षक हवेत म्हणून १९३५ मध्ये अध्यापक विद्यालय निघाले, तर १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल. ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना तर आजही नवी वाटावी अशी. विद्यार्थ्याने शेतात राबावे आणि त्या कष्टांच्या बळावर शिकावे. त्यामुळे गरिबाचा मुलगा कोणाच्या उपकाराखाली दबत नसे आणि श्रमालाही प्रतिष्ठा मिळे. हे सारे करणाऱ्या भाऊरावांचे स्वतःचे शालेय शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नव्हते.

धाडस एकाचे दिसले, तरी त्याचा जमाखर्च अनेकांच्या नावे मांडावा लागतो. वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हा रयतेने आपल्या ओंजळीतून संस्था जगविली आणि संत गाडगे महाराज तिच्या पाठीशी उभे राहिले. असा आधार नसता, तर कल्पना कितीही थोर असली तरी ती कागदावरच राहिली असती.

आजच्या शाळेने यातून काय घ्यावे? कापडाचा व्यापारी नव्या नक्षीचा माल भरताना काही ताके पडून राहणार, हे धरूनच चालतो. एक ताका खपला नाही म्हणून तो पेढीला कुलूप लावीत नाही. शाळेच्या अंदाजपत्रकात मात्र इमारत, रंगरंगोटी आणि संगणक यांना स्थान असते. फसू शकेल अशा प्रयोगासाठी एक रुपयाही नसतो. विश्वस्तांनी दरवर्षी थोडी रक्कम शिक्षकांच्या प्रयोगांसाठी वेगळी काढावी. अट एकच असावी : प्रयोग साधला किंवा फसला, तरी त्याची हकीकत सर्व सहकाऱ्यांसमोर मोकळेपणाने मांडली जावी. फसलेल्या प्रयोगाची नोंद शिक्षकाच्या गोपनीय अहवालात उणेपणा म्हणून होऊ नये.

पालकांची जबाबदारीही तेवढीच मोठी आहे. शेजारच्या मुलापेक्षा चार गुण कमी पडले की घरात सुतक पडल्यासारखे वातावरण होते. अशा घरातील मूल उत्तर पाठ करते, प्रश्न विचारीत नाही. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजात तरी मुलाच्या वेगळ्या मताला उद्धटपणा समजले जाऊ नये.

अर्थात प्रत्येक नियमभंग म्हणजे धाडस नव्हे. मग ओळखायचे कसे? भाऊरावांच्या प्रसंगातच त्याचे उत्तर आहे. त्यांनी नियम मोडला तो स्वतःच्या सोयीसाठी नव्हे, तर दुसऱ्याच्या सन्मानासाठी. त्याची किंमतही त्यांनी स्वतः मोजली. शिक्षा करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी दोनच प्रश्न विचारावेत : यात हित कोणाचे होते? आणि परिणाम सोसण्याची तयारी होती का? पुष्कळदा या दोन प्रश्नांनीच उनाड आणि धाडसी यांतील भेद स्पष्ट होईल.

९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले. त्यांच्या प्रतिमेला हार घालणे सोपे आहे. त्यांच्यासारखा हट्टी विद्यार्थी आपल्याच वर्गात उभा राहिला, तर त्याचे म्हणणे ऐकून घेणे कठीण आहे. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत अशा एकाही मुलाला तिचा दरवाजा बंद झालेला पाहावा लागू नये. सुवर्णमहोत्सवाचा याहून मोलाचा संकल्प दुसरा नाही.

जय जिनेंद्र!