आवडत्या खेळातील खोट

जी वस्तू मनापासून आवडते तिचे दोष काढू नयेत, असा एक समज आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. दोष पाहावेत ते शत्रूने. मित्राने गुणच गावेत, असे म्हणतात. माणसांच्या बाबतीत हा नियम कितपत पाळावा हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु खेळांच्या बाबतीत तो मुळीच लागू पडत नाही. खेळातील खोट बाहेरून पाहणाऱ्यास सहसा कळतच नाही. ज्याने तो खेळ शेकडो वेळा खेळला, त्याच्यापायी जेवणाची वेळ चुकविली व घरच्यांची बोलणी खाल्ली, अशा निस्सीम भक्तासच ती कळते.

हा विषय आज काढण्यास कारण आहे. जळगावचे घर घ्या की धुळ्याचे. दिवेलागणीच्या सुमारास तेथे एकच वाद ऐकू येतो. मुलगा मोबाइलवर व्हिडिओ गेम खेळत असतो. वडील म्हणतात, हे सगळे खेळ वाईट. मुलगा म्हणतो, हा खेळ जगात सर्वांत उत्तम. वस्तुतः दोघांनीही खेळाची परीक्षा केलेली नसते. वडिलांनी तो खेळलेला नसतो, म्हणून त्यांचे बोलणे मुलाच्या कानावरून जाते; आणि मुलाने त्याच्याकडे चिकित्सेने पाहिलेले नसते, म्हणून त्याची स्तुती वडिलांस पटत नाही. या दोघांना एकत्र बसविणारा प्रश्न एकच आहे: या तुझ्या आवडत्या खेळात चुकीचे असे काय आहे?

येथे एक गोष्ट प्रथम वेगळी काढली पाहिजे. हरलेल्याची कुरकुर म्हणजे दोषदर्शन नव्हे. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण खेळाडूंच्या जगात रोज खरी ठरते. पंच आंधळा होता, फोन मंद चालत होता, सोबती कच्चे होते, या तक्रारींत खेळाचा दोष थोडा व मनाची जळजळ फार. खरी खोट ओळखण्याची खूण अशी, की ती जिंकलेल्या माणसासही जिंकल्यानंतर दिसते व बोलून दाखवावीशी वाटते. ज्या त्रुटीने आपला फायदा झाला, तीही जो त्रुटीच म्हणतो, त्याचे खेळावरील प्रेम खरे.

असे प्रेम करणारी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली, म्हणून तर आपले देशी खेळ आज जिवंत आहेत. हुतूतूचेच उदाहरण पाहा. हा खेळ पूर्वी निरनिराळ्या गावी निरनिराळ्या रीतींनी खेळत. गामिनी पद्धतीत एकदा बाद झालेला गडी आपला सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. त्यामुळे उत्तम गडी पहिल्याच चढाईत पकडला गेला, तर उरलेला वेळ त्याने धूळ झटकीत बसावे, आणि पाहणाऱ्यांनी ज्याचा खेळ पाहावयास यावे तो दिसूच नये, असा प्रकार होई. अमर पद्धतीत नेमके उलटे. तेथे बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजीत. त्यामुळे बाद होण्याची धास्तीच उरत नसे. संजीवनी पद्धतीत बाद झालेला बाहेर जातो खरा, परंतु प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की तो परत उठतो. धास्तीही राहते आणि आशाही राहते. १९२३ साली बडोद्यास हुतूतूचे अखिल भारतीय सामने भरले. त्या काळात जाणत्या खेळाडूंनी या पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या, नियम लिहून काढले, आणि पुढे संजीवनी हीच रीत सर्वमान्य झाली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशी प्रेक्षकांस दाखविला, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्यास कबड्डी या नावाने स्थान मिळाले. आपल्या गावची रीत तीच निर्दोष, असा हट्ट प्रत्येकाने धरला असता, तर हा प्रवास झाला नसता.

दोष काढण्याचे काम तेवढ्यावर संपले असेही नाही. आघाडीवर असलेला संघ नुसता दम घेऊन रेषेवर जाऊन येई व वेळ काढी, प्रेक्षक कंटाळत. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा त्यावर उपाय असा केला, की लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावा, नाही तर चढाई करणाऱ्याने बाद व्हावे. खेळ एकदम सतेज झाला. तथापि मातीचे मैदान जाऊन मॅट आली, तिच्याबरोबर मातीत मुरलेल्या काही डावांचे महत्त्व कमी झाले, अशी हळहळ जुन्या खेळाडूंस वाटते. तीही याच प्रेमातून आलेली आहे.

आता दुसरी बाजू. जे जे अडचणीचे वाटते ते ते दोषच असते असे नाही. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने मधली पाटी ओलांडावयाची नाही, आणि एकदा एका दिशेस वळल्यावर खांबापर्यंत मागे फिरावयाचे नाही. पळणाऱ्यावर मात्र असे कसलेही बंधन नाही. नवख्यास हा उघड अन्याय वाटतो. परंतु जरा विचार केला की कळते, याच बंधनामुळे पाठलाग करणाऱ्यास सोबत्यास खो द्यावा लागतो. बंधन काढले, तर सर्वांत वेगवान मुलगा एकटाच धावेल आणि बाकीचे आठजण बसल्या जागी पाहात राहतील. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले, तेव्हापासून ही अडचण खेळाचा कणा होऊन राहिली आहे. २०२२ साली निघालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत ‘वजीर’ नावाच्या एका गड्यास कोणत्याही दिशेस धावण्याची मुभा देण्यात आली. त्याने गती वाढली यात शंका नाही. पण ही मुभा एकासच द्यावी, सर्वांस देऊ नये, एवढे तारतम्य तेथेही राखले गेले. दोष कोणता आणि कणा कोणता, हे ओळखणे ही या विद्येची दुसरी पायरी होय.

व्हिडिओ गेम हे यंत्रावरचे खेळ खरे, परंतु त्यांनाही हीच कसोटी लागते. १९८० साली जपानात निघालेला पॅक-मॅन हा खेळ जगभर गाजला. त्याला शेवट नाही असे करणाऱ्यांस वाटत होते. परंतु कितवा टप्पा चालू आहे हे लक्षात ठेवण्यास यंत्रात जी जागा दिली होती, तीत २५५ पर्यंतचेच आकडे मावत. २५६ व्या टप्प्यावर हिशेब कोलमडे आणि निम्मा पडदा निरर्थक अक्षरांनी भरून जाई. ही खोट शोधली कोणी? ज्यांनी २५५ टप्पे न चुकता पार केले त्यांनी! सामान्य खेळणारा तेथवर पोचलाच नसता. टेट्रिस हा खेळ १९८४ साली मॉस्कोत तयार झाला. त्याची १९८९ सालची एक आवृत्ती इतकी पुढे नेता येते की अखेर यंत्रच थिजते, हे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने प्रत्यक्ष खेळून दाखविले. चौतीस वर्षांत खेळता खेळता तेथवर कोणीही माणूस पोचला नव्हता.

याच्या उलट १९७८ सालच्या स्पेस इन्व्हेडर्सची गोष्ट. त्यात शत्रूंची फौज वरून हळूहळू खाली येते. ते यंत्र दुबळे होते; इतक्या आकृती रंगविताना त्याची दमछाक होई. शत्रू मरत गेले की रंगविण्याचे काम कमी होई, आणि उरलेले अधिक वेगाने येत. ही वास्तविक यंत्राची उणीव. पण निर्माता निशिकादो याच्या ध्यानात आले, की शेवटी शेवटी खेळणाऱ्याची छाती धडधडते ती हिच्यामुळेच. त्याने ती तशीच ठेवली. खो-खोच्या बंधनाचीच ही जपानी बहीण म्हणावी!

बुद्धिबळाइतका जुना व प्रतिष्ठित खेळही या परीक्षेतून सुटलेला नाही. आपल्या देशी पद्धतीत प्यादे प्रारंभीही एकच घर सरके, आणि राजास एकदा घोड्याची उडी मारता येई. डाव रंगात येण्यास वेळ लागे. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांनी ती पद्धत मागे पडली. परंतु त्या नियमांतही खोट निघाली, आणि ती काढली बॉबी फिशरने, ज्याने लहानपणापासून बुद्धिबळावाचून दुसरे काही पाहिले नव्हते आणि जो १९७२ साली जगज्जेता झाला. त्याचे म्हणणे असे, की डावाचा आरंभ आता पाठांतराचा विषय झाला आहे. पहिल्या पंधरा-वीस खेळी विचार न करता केल्या जातात. म्हणून १९९६ साली त्याने मागच्या रांगेतील मोहऱ्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरविण्याची रीत सुचविली. अशा ९६० मांडण्या होतात. पाठांतरात जो कोणासही हार जात नव्हता, त्याचीच ही तक्रार होती, हे विसरता कामा नये.

येथवर सांगितले ते दोष नियमांचे व यंत्राचे. परंतु एक तिसरा दोष आहे, आणि तो हेतूचा आहे. खानदेशास तो नवा नाही. आखाजी आली की माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात, आणि तिकडे अनेक गावी पुरुषांचे पत्त्यांचे डाव बसतात. पत्त्यांचा खेळ मुळात बुद्धीचा. मेंढीकोटात स्मरण लागते, सोबत्याच्या मनाचा अंदाज लागतो. पण डावावर पैसा आला की खेळणाऱ्याचे लक्ष हुकुमावरून उडून नोटांवर जाते, आणि हरलेला उठत नाही, कारण गेलेले परत मिळवावयाचे असते. कित्येक घरांत आखाजीचा सण ओसरल्यावरही त्याचे देणे ओसरत नाही. मोबाइलवरील पैशांच्या खेळांत हीच गोष्ट गावच्या पारावरून उचलून प्रत्येकाच्या खिशात आणून ठेवली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स या कौशल्याच्या स्पर्धांस मान्यता दिली, ते याच भेदामुळे.

परंतु कायद्याच्या जाळ्यात न सापडणारी रूपे पुष्कळ आहेत. काही खेळांत पैसे देऊन एक बंद पेटी घ्यावयाची असते. आत काय निघेल ते विकत घेतल्यावरच कळते. बेल्जियममध्ये २०१८ साली अशा पेट्या जुगार ठरविल्या गेल्या. काही खेळ रोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस देतात, आणि एक दिवस चुकला की आधीची सारी पुण्याई बुडवितात. काहींना शेवटच नाही. हुतूतू वेळ संपल्यावर संपतो, बुद्धिबळ मात झाल्यावर संपते, विटीदांडू काळोख पडल्यावर संपतो. या खेळांस मात्र दिवस मावळल्याचे कळतच नाही. हा दोष वडिलांनी सांगितला तर तो उपदेश ठरतो. मुलाने स्वतः शोधून काढला, तर त्याच्या हाती एक शस्त्र येते. ‘हा खेळ मला आवडतो, आणि या ठिकाणी तो मला फसवितो,’ ही दोन वाक्ये जो मुलगा एका दमात बोलू शकतो, त्याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही.

खेळाच्या गोष्टीत इतिहासाचार्यांचे नाव घेतलेले कोणास विचित्र वाटेल. पण धुळ्याच्या श्रोत्यांस तरी वाटू नये. वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासासाठी आयुष्य वेचले. दप्तरांच्या शोधात ते गावोगाव हिंडले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचा देह पडला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आजही आहे. याच राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत मराठी बखरींतील चुका निर्दयपणे उघड्या केल्या. बखरी त्यांच्या वैऱ्यांच्या नव्हत्या. त्यांच्याच माणसांच्या होत्या. इतिहासावर प्रेम होते म्हणूनच त्यात खोटे राहू देणे त्यांस सोसले नाही. खेळ ही त्या मानाने लहान वस्तू. परंतु दृष्टी तीच, आणि ती लहान वस्तूवरच लहानपणी शिकता येते.

येत्या सुटीत घरोघरी एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. मुलाने आपला आवडता खेळ वडिलांस शिकवावा. वडिलांनी तो चार-दोन दिवस नीट खेळावा, हरावे, आणि हरल्याबद्दल खेळास दोष देऊ नये. मग दोघांनी त्यातील तीन खोटी कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती नियमाची आहे, यंत्राची आहे की हेतूची आहे, ते मांडावे. त्यानंतर वडिलांनीही आपल्या आवडीच्या क्रिकेटची किंवा मेंढीकोटाची अशीच यादी मुलापुढे ठेवावी. दुसऱ्याच्या आवडीवर बोट ठेवण्याचा अधिकार, आपल्या आवडीवर ते आधी ठेवणाऱ्यासच असतो. दोन्ही याद्या तयार झाल्यावर त्यांतील कोणता खेळ किती वेळ खेळावा हे ठरविण्यास घरात मोठा आवाज काढावा लागणार नाही. बहुधा ते मुलगाच सांगेल.