वाळूमाशीचे कुळशील

पहाडगंज म्हटले की दिल्लीकर मराठी माणसाला आरामबागेतील नूतन मराठी शाळा आठवते; परंतु या पेठेलगतच्या अजमेरी दरवाजाआड नांदणारे शहर एके काळी इंग्रजी फौजेच्या दफ्तरात गाजले, ते त्वचेवर महिनोन्‌महिने चिघळून कायमचा व्रण ठेवणाऱ्या 'दिल्लीच्या फोडा'मुळे. या फोडातील चमत्कारिक सूक्ष्म देह कलकत्त्याच्या डेव्हिड कनिंगहॅम यांनी 1885 साली वर्णिले. रोगाच्या नावाने शहर बदनाम व्हावे आणि तो फैलावणारी माशी मात्र दीर्घकाळ निनावी राहावी, हा न्याय जुनाच.

ही वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरांची, डासाहून लहान. ती पाण्यात नव्हे, तर भिंतीच्या भेगांत आणि गोठ्यातील ओलसर मातीत वाढते, आणि रक्त पिते ती केवळ मादी. उत्तर हिंदुस्थानात विपुल असलेल्या पापाटासी जातीच्या आतड्याचे अस्तर लेश्मानिया नावाच्या जंतूंपैकी एका विशिष्ट जातीलाच थारा देते. दिल्लीच्या फोडाचा जंतूही लेश्मानियाच, पण दुसऱ्या जातीचा; तो तेथे तग धरीत नाही, त्याला सर्जेंटी नावाची तिची भगिनी लागते. तात्पर्य, माश्या किती आहेत, यापेक्षा त्या कोणत्या कुळाच्या आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

शिवाय एकाच जातीच्या माश्याही सर्वत्र सारख्या नसतात. वाळूमाशीचे उड्डाण दुबळे, बहुधा काहीशे मीटरांपलीकडे न जाणारे. त्यामुळे एका वस्तीतील गुणसूत्रांचा वारसा दुसऱ्या वस्तीत सावकाश मिसळतो, आणि एखाद्या ठिकाणी उद्भवलेला फरक तेथेच बळावण्यास वाव मिळतो.

याचा दाखला बिहारात मिळतो. लेश्मानियामुळेच होणारा काळा आजार आर्जेंटिपिस जातीची वाळूमाशीच पसरविते, हे स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी 1942 साली स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. पुढे हिवतापाविरुद्ध फवारलेल्या डीडीटीने हा आजार जवळजवळ नाहीसा झाला, सरकारी यंत्रणा निर्धास्त झाली, आणि 1970 नंतरच्या दशकात तो बिहारात पुन्हा उसळला. मग पुन्हा वर्षानुवर्षे तेच औषध मारले गेल्याने ज्या माश्यांच्या मज्जातंतूंतील एका प्रथिनात 1014 व्या स्थानी ल्युसिनऐवजी दुसरे अमिनो आम्ल आले होते, त्याच अधिक संख्येने वाचल्या आणि त्यांचीच संतती वाढली. हा बदल आई व बाप या दोघांकडून आलेला असला, म्हणजे माशी डीडीटीला सहसा बधत नाही, आणि डीडीटीच्या जागी आलेल्या पायरेथ्रॉइड औषधांची धारही तो बोथट करतो.

आपल्या नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावाचे नाव लाभलेला, 1965 साली सापडलेला विषाणूही वाळूमाशीशीच निगडित आहे, तेव्हा ही बिहारची परकी कथा समजू नये. फवारणीचा हुकूम सुटण्यापूर्वी त्या त्या गावच्या माश्यांची जात आणि त्यांचा वारसा तपासला गेला पाहिजे. आरोग्य खात्याचा मनुष्य सापळा लावण्यासाठी आपल्या गोठ्याची एक रात्र मागू लागला, तर श्रोतेहो, त्याला नाही म्हणू नका.