नेम लहान असावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मला चार शब्द बोलायला सांगितले, हा कार्यकारिणीचा माझ्यावरचा लोभ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा हे व्याख्यान नव्हे. संसारात जे कळले आणि मुलीने जे वाचून दाखविले, तेवढेच सांगते.

‘नेम’ या आपल्या शब्दाला दोन अर्थ आहेत. कैरी पाडताना धरतो तो एक, आणि चातुर्मासात बायका करतात तो दुसरा. मनाच्या आरोग्याला दोन्ही लागतात. काय साधायचे ते डोळ्यांपुढे हवे, आणि ते रोज थोडे थोडे व्हायला हवे.

आपल्या घरकामाचे पाहा. ते कधी संपत नाही. सकाळी घासलेली भांडी रात्री पुन्हा मोरीत येतात, धुतलेले कपडे उद्या मळतात. दिवसभर राबूनही ‘आज काय केलेस?’ असे कोणी विचारले, तर बोट दाखवायला काही उरत नाही. शरीराचा शीण झोपेने जातो. मन असे शिणले की ‘माझ्याच्याने काही होत नाही’ असे म्हणू लागते. म्हणून दिवसाकाठी एक तरी गोष्ट अशी असावी, की जी संपते आणि संपल्यावर टिकून राहते.

2020 च्या टाळेबंदीत मला हे पटले. आपल्या भिवंडीत मागांची खडखड हीच अंगाई. ती थांबली, कामगार गावी गेले, आमच्या घरात येणारा पैसाही बंद झाला. रात्री झोप येईना, सकाळी उठावेसे वाटेना. ‘पुढे कसे होणार?’ हा एकच प्रश्न. त्याचे उत्तर माझ्या हातात नव्हते. मग हातात काय आहे ते पाहिले, आणि जुन्या साड्यांची गोधडी शिवायला घेतली. सगळी गोधडी डोळ्यांपुढे आली की छाती दडपे. म्हणून नेम केला, रोज टाक्यांच्या चारच ओळी. संकट होते तेवढेच राहिले, पण संध्याकाळी हात फिरवला की चार ओळी वाढलेल्या लागत. हळूहळू घास गोड लागू लागला, झोपही येऊ लागली.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तेथे 8 मार्च 2016 रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. कल्पना जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची. मोतीराम दलाल ट्रस्टने हातभार लावला. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी शाळेत बसू लागल्या. त्यांना काही पदवी मिळवायची नव्हती. आपले नाव लिहिता यावे, बँकेत अंगठा न उठवता सही करावी, पोथी वाचता यावी, एवढीच इच्छा. आधी एक अक्षर, मग नाव, मग सही. जन्मभर अंगठा उठविलेल्या बाईला स्वतःची सही पाहून काय वाटले असेल, ते आपण बायकाच जाणू शकतो.

शास्त्रज्ञांनीही हे तपासले आहे. अमेरिकेतील बांडुरा आणि शंक यांनी 1981 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजाबाकी नीट न येणाऱ्या मुलांपैकी काहींना त्यांनी दर बैठकीला 6 पाने सोडवायला सुचविले. काहींना सांगितले, 7 बैठकांत 42 पाने करा. हिशेब एकच! पण 6 पानांवर नजर ठेवणारी मुले वजाबाकीत पुढे गेली. त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला आणि गणिताची गोडीही लागली. मन खिन्न झालेल्या रुग्णांना लहान लहान कामे ठरवून देणे, हा मानसोपचाराचाही एक भाग आहे.

तर नेम कसा असावा? आज पुरा होईल एवढा. मोजता येईल असा. ‘तब्येत सुधारीन’ असे नको. ‘जेवण झाल्यावर धामणकर नाक्यापर्यंत जाऊन येईन’ असा हवा. आणि तो आपल्या मनाचा हवा, शेजारणीची बरोबरी करण्यासाठी नको. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये, तेवढाच करावा. पुरा झाला की कॅलेंडरवर खूण करावी.

मात्र एक सांगते. दोन आठवडे होऊनही उदासी हटत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर नेमावर विसंबू नये, ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते. ताप आला की आपण औषध घेतो, त्यात लाज ती कसली?

शेवटी एक सूचना मांडते. पुढच्या सभेला प्रत्येकीने आपला एक लहानसा नेम सांगावा आणि त्याच्या पुढच्या सभेला तो कसा चालला आहे ते सांगावे. कोणी कोणाला हसू नये. मंडळाच्या नव्या वर्षाची सुरुवात याहून चांगली ती काय होणार?