आक्काची दावण

आज आमच्या बचत गटातल्या आम्ही पाच जणी रेडिओवर आलोय. एरवी आम्ही शेळ्यांचं नाहीतर कर्जाच्या हप्त्यांचं बोलतो. आज आक्काबद्दल बोलायचंय. गेल्या महिन्यात आक्का गेली. तिचं कागदावरचं नाव कागदावरच राहू दे. म्हसवडच्या बाजारापासून आटपाडीच्या बाजारापर्यंत तिला सगळे आक्काच म्हणायचे. आम्ही तिला अगं-तुगं करायचो, आजही तसंच करणार.

आमचं गाव माण तालुक्याच्या टोकाला. शेताचा बांध ओलांडला की सांगली जिल्हा. माणसांना जिल्हे दोन, पण गुरांना माळ एकच. या माळावर आक्कानं पन्नास वर्षं खिल्लार जनावरं सांभाळली. 1972 च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी आणायची. त्या साली सासऱ्यानं दावणीची सगळी जनावरं सोडून दिली. विकायला गिऱ्हाईकच नव्हतं. एक कालवड मात्र आक्कानं सोडू दिली नाही. छपराचं जुनं गवत उपसून तिला घातलं. पुढं आक्काच्या दावणीला जी जनावरं उभी राहिली, ती सगळी त्या कालवडीची.

खिल्लार गाय दूध किती देते? दोन-तीन लिटर. जर्सी नाहीतर होल्स्टीन घेतली तर सकाळ-संध्याकाळ बादली भरते. आम्ही तिला हे हजारदा सांगितलं. ती म्हणायची, "तुमच्या गाईला पंखा लागतो, माझी उन्हात उभी राहून रवंथ करते." तिचं म्हणणं अर्धं खरं होतं. खिल्लारचा पैसा दुधात नाही, खोंडात आहे. आणि खोंड विकायचा म्हणजे खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा. तिथं दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात, भाव तोंडानं कुणी बोलत नाही. त्या रुमालाखाली बाईचा हात आम्ही कधी पाहिला नव्हता. मालक वारल्यावर दुसऱ्याच वर्षी आक्कानं घातला. दलाल हात मागं घ्यायला लागला, तर म्हणाली, "शेण काढताना माझा हात चालतो, आन् पैसं मोजताना विटाळ व्हतो व्हय?" पुढं तोच दलाल तिच्याकडं चहाला यायला लागला.

2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली आणि खोंडाचे भाव उतरले. शर्यतीचं आम्हाला तसंही कौतुक नाही. आक्का तर खोंड देताना गिऱ्हाईकाच्या हातातली काठी तपासायची. काठीला खिळा दिसला की सौदा मोडला. पण भाव पडल्याचा फटका तिलाही बसलाच. पोरगा म्हणाला, सगळी जनावरं काढून टाकू. त्यावरून घरात मोठं भांडण झालं. त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट उघड झाली. दूध घालायची आक्का, पण डेअरीतलं खातं आधी मालकाच्या आणि नंतर पोराच्या नावावर. डेअरीचं नाव आम्ही घेत नाही, कारण तेव्हा सगळीकडं तसंच होतं. आमच्यातल्या चौघींचंही तसंच होतं. आक्का आधार कार्ड घेऊन गेली, तीन हेलपाटे घातले आणि खातं स्वतःच्या नावावर करून आली. मग आम्हीही गेलो.

आता छावणीचं सांगतो. 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी उघडली, ती दीड वर्ष चालली. 2019 ला पुन्हा छावणी लागली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना वाटतं, छावणी म्हणजे फुकटचा चारा. घर सोडून, गुरांशेजारी पाल टाकून महिनोन्‌महिने राहायचं असतं. चूल तिथंच, झोप तिथंच, पोरांचा अभ्यासही तिथंच. म्हातारी माणसं गुरांबरोबर छावणीत आणि तरणी गावात, असं अर्ध्या घरांचं झालं होतं.

आक्काची स्वतःची जनावरं सात. पण ती पहाटे उठून सगळ्या रांगांतून फिरायची. कुठली गाय रवंथ करत नाही, कुणाचं शेण पातळ आहे, ते बघायची. चाऱ्याला बहुतेक उसाचं वाढं असायचं. नुसतं वाढं खाऊन जनावराच्या अंगातला चुना कमी होतो, गाय बसली की उठत नाही. डॉक्टरांनी एकदा चुन्याची निवळी पाण्यातून द्यायला सांगितली. आक्कानं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मोठ्या डेऱ्यात चुना भिजवून वरचं नितळ पाणी घरोघर, म्हणजे पालोपाल, वाटायला लागली. एका रात्री एकीची म्हैस फुगली. डॉक्टर येईपर्यंत आक्कानं तिला गोडंतेल पाजलं आणि दोन तास चालवत ठेवलं. म्हैस वाचली. जिची म्हैस, ती आज इथं शेजारी बसली आहे. तिला बोल म्हटलं तर डोळे पुसतेय.

आक्का देवी नव्हती हो. सुनांना तिनं फार छळलं. धाकटी सून आजही म्हणते की गाईला जेवढ्या मायेनं हाक मारली, तेवढी मला कधी मारली नाही. ते खरंच आहे. आक्कापुढं आम्हीही कधी सुनेची बाजू घेतली नाही, हेही खरं.

2022 ला लम्पी आला. बाजार बंद झाले. गाठी आलेल्या जनावराला लोक माळावर सोडून द्यायला लागले. लस फुकट होती, तरी लस दिली की गाय आटते अशी अफवा उठली. सत्तरी ओलांडलेली आक्का काठी टेकत दारोदार गेली. ज्या दारात कुणी ऐकलं नाही, तिथं ओट्यावर बसून राहिली. "डागदर येतोय, तवर मी हितनं हलत न्हाय."

आणि तिची कालवडींची पद्धत. जिच्याकडं जनावर नाही तिला आक्का एक कालवड द्यायची, पैसे न घेता. अट एकच. तिला होणारी पहिली कालवड आक्काला परत न देता, दुसऱ्या गरजू बाईला द्यायची. खोंड झाला तर तुझा. वहीत काही लिहिलेलं नाही. आज आमच्या गटात सात दावणींना आक्काची जनावरं आहेत, आणि एकीनंही अट मोडलेली नाही. एकीनं मोडायचा विचार केला होता, असं तिनंच परवा कबूल केलं.

आता टेंभूचं पाणी आटपाडीकडं आलंय, ऊस दिसायला लागलाय. पाण्यासाठी दोन्ही तालुक्यांतली माणसं वर्षानुवर्षं भांडली, त्यामुळं त्याचा आनंदच आहे. पण माळ नांगरला की चरायला जागा उरत नाही. आक्काला याची काळजी होती. तिच्या घरी आता चार जनावरं आहेत. नातू पुण्याला असतो. तो विकायचं म्हणतो, आणि त्याचंही काही चुकत नाही. आम्ही धाकट्या सुनेला विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, पांढरी गाभण आहे, तेवढी ठेवते, बाकीचं बघू.

पांढरी कार्तिकात विते. कालवड झाली तर ती कुणाला द्यायची, ते सूनच ठरवणार आहे.