सुधारणा वॉर्डातूनच

अलिबागचं जिल्हा रुग्णालय असो की मुरूड-श्रीवर्धनकडची सरकारी रुग्णालयं, रात्री दोन वाजता प्रसूतिकक्षात नेमकं काय अडतं, हे आधी कळतं ते सिस्टरना. मग उपाय शोधण्यात पुढाकारही त्यांचाच का नको?

केंद्राने २०१७च्या डिसेंबरात सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षाचा दर्जा सुधारण्यासाठी तिथेच काम करणाऱ्यांचे छोटे गट अपेक्षित आहेत.

समजा, जन्मल्यावर बाळं गार पडतायत. ‘काळजी घ्यावी’ असं परिपत्रक काढून भागत नाही. (परिपत्रकं काय कमी आहेत?) गटाने प्रत्येक बाळाचं तापमान नोंदवायचं, कारण शोधायचं: डोक्यावरचा पंखा, ओलं फडकं, की वजन करायची घाई? मग एकच बदल एका पाळीत करून पाहायचा. बाळ कोरडं करून लगेच आईच्या छातीशी, वजन नंतर. तापमानात फरक दिसला, तर पुढच्या पाळीतही तेच.

ही पद्धत शिकायला सोपी. अवघड जातं ते नोंदींचा तक्ता घेऊन वरिष्ठ डॉक्टरांसमोर ठामपणे बोलणं. प्रशिक्षणात त्याचा सराव हवाच. आणि सिस्टरची बदली झाली तरी नोंदी थांबू नयेत, म्हणून वही परिसेविकांच्या ताब्यात असावी.