तिसरा रकाना
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणानिमित्त मी चंडीगडला गेले होते. तेथे सेक्टर ५ मध्ये पिएर जानरे यांचे घर आता संग्रहालय म्हणून जपले आहे. ल कोर्बुझिए यांचे हे नातलग व सहकारी. नव्या राजधानीच्या कार्यालयांसाठी त्यांनी सागवान व वेताच्या साध्या खुर्च्यांचे आराखडे केले आणि स्थानिक कारागिरांनी त्या घडवल्या. पुढे याच खुर्च्या जुने सामान म्हणून लिलावात निघाल्या आणि परदेशांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. आराखडा काढणाऱ्याचे नाव जग जाणते. रंधा मारणाऱ्याचे, वेत विणणाऱ्याचे नाव मात्र मला तेथे कोणी सांगू शकले नाही.

तेथे उभी असताना मला माझी एक विद्यार्थिनी आठवली. दहावीनंतर तिला विजेच्या उपकरणांचा व्यवसाय अभ्यासक्रम घ्यायचा होता. वर्गातला बंद पडलेला पंखा तिनेच एकदा सुरू करून दिला होता. मी मात्र तिच्या वडिलांना बोलावून सांगितले, "पोरगी हुशार आहे हो, विज्ञान शाखेलाच घाला." बारावीत ती दोन विषयांत राहिली आणि नंतर पुन्हा परीक्षेला बसलीच नाही. माझा हेतू चांगला होता, हे खरे. पण हेतू चांगला असला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवण्याचे ठरवले होते. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. खोल्या आणि यंत्रे यांची उणीव होतीच. पण त्याहून मोठी उणीव आपल्या मनात होती, असे मी माझ्यापुरते तरी कबूल करते.

पाबळचे उदाहरण मात्र उमेद देणारे आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील या गावी विज्ञान आश्रम उभा केला. तेथून शाळांमध्ये गेलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात: वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया. गावाला लागणारी वस्तू करून देताना मापे चुकली की गिऱ्हाईक ती परत करते, आणि मग त्रैराशिक आपोआप समजते! गणिताच्या शिक्षकांनी रागावू नये.

आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जावर पसंतीचे तीन रकाने आहेत. व्यवसाय अभ्यासक्रम बहुधा तिसऱ्या रकान्यात येतो, आणि तोही गुण कमी पडल्यावर. जूनपासून मागच्या इमारतीतील दोन खोल्यांत आम्ही कार्यशाळा सुरू करीत आहोत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कुशल कारागीर, तंत्रज्ञ, उद्योजक आहेत त्यांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. आणि पालकहो, अर्ज भरताना पहिल्या रकान्यात काय लिहायचे, हे एकदा मुलालाच विचारा. मी त्या वेळी विचारले नव्हते.